हरलेल्यांचा चाहता : जॉन सेल्स, १९१९ आणि 'एट मेन आउट'

अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात १९१९ सालच्या 'वर्ल्ड सिरीज'इतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या एखाद्या मालिकेची झाली असेल. या अजिंक्यपद मालिकेत शिकागो व्हाइट सॉक्स हा त्या काळचा बलाढ्य संघ सिनसिनाटी रेड्सकडून ५-३ असा हरला, आणि तो संघातील काही जणांनी पैसे घेतल्यामुळे हरला, हे वर्षभरानंतर उघड झाले. या घटनेवर कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले, संशोधनग्रंथ झाले. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या मालिकेपेक्षा तिच्या आठवणीचा इतिहास पाहावयाचा आहे. ही आठवण कोणी जपली, कोणी तिला गोष्टीचे रूप दिले, आणि त्या गोष्टीवर चित्रपट करण्यासाठी जॉन सेल्स हा लेखक-दिग्दर्शक अकरा वर्षे का थांबला, हे आमचे प्रश्न आहेत.

चित्रपटाच्या इतिहासात चाहत्याला सहसा तिकीटखिडकीपुरतेच स्थान मिळते. इथे मात्र चाहताच पटकथा लिहितो, चाहताच दिग्दर्शन करतो, आणि पुढे त्या चित्रपटातील चुका शोधून काढणारे संशोधकही चाहतेच असतात. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनाही हे प्रकरण उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

१

बेसबॉलची ओळख नसलेल्या वाचकासाठी घटनाक्रम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १ ऑक्टोबर १९१९ रोजी सिनसिनाटीत मालिकेचा पहिला सामना झाला. व्हाइट सॉक्सचा एडी सिकॉट हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. त्याचा दुसराच चेंडू समोरच्या फलंदाजाच्या पाठीत बसला. सट्टेबाजांना तो संकेत होता : ठरल्याप्रमाणे होणार. तो सामना व्हाइट सॉक्स १-९ असा हरले. या कटामागे चिक गँडिल हा संघातलाच खेळाडू होता. पैशाचे धागे न्यूयॉर्कच्या अर्नॉल्ड रॉथस्टीन या जुगारसम्राटापर्यंत जात होते, असे मानले जाते. एकूण एक लाख डॉलर देण्याची बोली झाली होती. प्रत्यक्षात हाती आले ते बरेच कमी, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

सप्टेंबर १९२० मध्ये शिकागोत ग्रँड ज्युरीपुढे चौकशी सुरू झाली. २८ सप्टेंबरला सिकॉट आणि जो जॅक्सन यांनी पैसे घेतल्याची कबुली दिली. 'शूलेस जो' या नावाने ओळखला जाणारा जॅक्सन दक्षिणेतील कापडगिरणीच्या वस्तीत वाढलेला, लिहितावाचता न येणारा, आणि त्या काळातील सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक. त्याला २० हजार डॉलरचे आश्वासन होते, मिळाले ५ हजार. पण त्याच मालिकेत त्याने १२ फटके यशस्वी केले, त्याची सरासरी ०.३७५ होती आणि संपूर्ण मालिकेतला एकमेव होमरनही त्याचाच. पैसे घेतले हे त्याने मान्य केले आणि आपण जिंकण्यासाठीच खेळलो असेही सांगितले. बक वीव्हरची गोष्ट आणखी वेगळी. तो कटाच्या बैठकांना हजर होता. पैसे मात्र त्याने घेतले नाहीत आणि खेळातही कुचराई केली नाही. त्याचा दोष एवढाच, की त्याने तोंड उघडले नाही.

२ ऑगस्ट १९२१ रोजी न्यायालयाने आरोपी खेळाडूंना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे कमिशनर, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना खेळातून कायमचे बाद केले. कोर्टाने सोडले आणि खेळाने धरले, अशी ही अवस्था. आपल्याकडे २००० साली क्रिकेटमधील मॅच फिक्सिंग उघड झाले तेव्हा सामान्य चाहत्यांच्या मनाची जी घालमेल झाली ती ज्यांना आठवते, त्यांना शिकागोच्या त्या शरद ऋतूची कल्पना करणे अवघड जाऊ नये. हॅन्सी क्रोनिएच्या कबुलीनंतरही त्याच्यावर माया करणारे लोक होतेच. चाहत्याला आरोप कळतो, पुरावा पटतो. तरी पूर्वी पाहिलेला खेळ त्याला विसरता येत नाही.

२

विश्वासघाताचा हा धक्का सर्वप्रथम पकडला तो साहित्याने. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'मध्ये (१९२५) मेयर वुल्फशाइम नावाचे पात्र आहे. रॉथस्टीनवर बेतलेल्या या पात्राने १९१९ची मालिका ठरवून घडवली हे ऐकून निवेदक निक थक्क होतो. एका माणसाला सगळ्या देशाच्या श्रद्धेशी असा खेळ करता येतो हे त्याच्या कल्पनेतही आलेले नसते. कादंबरीत हा उल्लेख ओझरता आहे, परंतु गॅट्सबीची संपत्ती कोणत्या मातीत रुजली आहे हे वाचकाला त्यातूनच कळते.

शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेला कादंबरीकार जेम्स टी. फॅरेल १९२० साली सोळा वर्षांचा होता. त्याने 'माय बेसबॉल डायरी' (१९५७) या पुस्तकात त्या दिवसांची आठवण लिहून ठेवली आहे. सामना संपल्यावर खेळाडू बाहेर पडत असताना गर्दीतून जॅक्सनला हाका मारल्या गेल्या, हे खरे नाही असे त्याला ओरडून सांगितले गेले, आणि खेळाडू मागे न पाहता निघून गेले. या आठवणीच्या शेजारी वर्तमानपत्रांनी लोकप्रिय केलेली दुसरी कथा ठेवून पाहावी. त्या कथेत न्यायालयाच्या पायऱ्यांवर एक लहान मुलगा जॅक्सनची बाही धरतो आणि हे खोटे आहे असे सांगण्याची त्याला विनवणी करतो. असे काही घडलेच नाही, असे जॅक्सन शेवटपर्यंत म्हणत राहिला. दोन कथांतील फरक सूक्ष्म आहे. पहिल्या कथेत चाहते खेळाडूच्या वतीने स्वतःच निकाल देतात. दुसरीत चाहता बालक होतो, निष्पाप होतो, आणि सगळा अपराध खेळाडूच्या पदरात पडतो. लोकांनी दुसरी कथा उचलली यात नवल नाही.

बर्नार्ड मॅलमडच्या 'द नॅचरल' (१९५२) या कादंबरीत या कथेची छाया स्पष्ट दिसते. तिचा नायक रॉय हॉब्ज लाच घेऊन हरायला तयार होतो, आयत्या वेळी त्याचे मन बदलते, पण तोवर उशीर झालेला असतो : तो बाद होतो आणि कादंबरी पराभवात संपते. १९८४ साली बॅरी लेव्हिन्सनने रॉबर्ट रेडफर्डला घेऊन या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा शेवट बदलला. पडद्यावरचा हॉब्ज असा टोला मारतो की मैदानावरचे दिवे फुटून ठिणग्यांचा वर्षाव होतो. कादंबरीने जो पराभव सोसला तो चित्रपटाच्या अर्थकारणाला सोसवला नाही. हे उदाहरण आम्ही मुद्दाम आधी देत आहोत. सेल्ससमोर कोणता मोह होता हे त्यावरून ध्यानात यावे.

३

ज्या पुस्तकावर सेल्सचा चित्रपट आधारलेला आहे ते 'एट मेन आउट' एलियट असिनॉफ यांनी १९६३ साली प्रसिद्ध केले. असिनॉफ यांचा जन्मच १९१९चा. तरुणपणी ते फिलाडेल्फिया फिलीज संघाच्या व्यवस्थेतील दुय्यम संघांतून काही काळ व्यावसायिक बेसबॉल खेळले. वर पोहोचू न शकलेल्या खेळाडूची कहाणी त्यांनी 'मॅन ऑन स्पाइक्स' (१९५५) या कादंबरीत लिहिली. १९५०च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी लिहीत असताना त्यांचे नाव काळ्या यादीत गेले. पुढे सरकारी कागदपत्रांतून त्यांना जे कारण कळले ते त्यांनीच सांगितले आहे : यँकी स्टेडियमबाहेर एका अर्जावर त्यांनी सही केली होती, आणि यँकीज संघाने कृष्णवर्णीय खेळाडू घ्यावेत एवढीच त्या अर्जातील मागणी होती. चाहता म्हणून केलेली एक सही लेखकाच्या पोटावर अशी आली.

व्हाइट सॉक्सच्या प्रकरणावर त्यांनी आधी दूरचित्रवाणी-नाट्य लिहावयास घेतले होते. तत्कालीन कमिशनर फोर्ड फ्रिक यांच्या दडपणामुळे ते बारगळले. बेसबॉलच्या धुरिणांना ती आठवण नको होती. मग असिनॉफ पुस्तकाकडे वळले. हयात खेळाडूंपैकी बहुतेकांनी बोलणे नाकारले. हॅपी फेल्श बोलला. चाळीस वर्षांचे मौन, हरवलेले न्यायालयीन कागद आणि जुनी वर्तमानपत्रे एवढ्या सामग्रीवर त्यांनी कादंबरीसारखे वाचता येणारे पुस्तक रचले. त्यात संवाद आहेत, मनातले विचार आहेत. तळटीपा मात्र नाहीत. याचा परिणाम काय झाला तो पुढे पाहू.

४

जॉन सेल्सचा जन्म १९५० सालचा, न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या कारखान्यांच्या गावचा. तो पिट्सबर्ग पायरट्स संघाचा चाहता. त्याच्या पहिल्या कादंबरीचा, 'प्राइड ऑफ द बिम्बोज'चा (१९७५), विषयही खेळच आहे. बायकांचे कपडे घालून गावोगाव सॉफ्टबॉलचे सामने करणारा, पोटासाठी हसे करून घेणारा एक फिरता संघ त्यात आहे. विजेत्यांपेक्षा खेळून पोट भरणाऱ्यांकडे पाहण्याची त्याची नजर तिथेच दिसते. १९७७ साली 'युनियन ड्यूज' ही कामगार चळवळीच्या पार्श्वभूमीवरील कादंबरी आली. त्याच सुमारास, चित्रपटलेखनात आपल्याला गती आहे हे दाखवण्यासाठी नमुना म्हणून त्याने एक पटकथा लिहिली. ती 'एट मेन आउट'ची होती. पुस्तकाचे हक्क त्याच्याकडे नव्हते. ते मिळतील याची शाश्वतीही नव्हती.

त्या वेळेचाही एक संदर्भ आहे. बेसबॉलमध्ये 'रिझर्व्ह क्लॉज' नावाची अट होती, तिच्यामुळे करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाशी बांधलेला राहत असे. १९१९चे खेळाडू या अटीखाली जगत होते. ती मोडीत निघाली डिसेंबर १९७५ मध्ये, एका लवादाच्या निर्णयाने. बाद झालेल्या आठांपैकी सर्वांत शेवटी जगलेला स्वीड रिसबर्ग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारला होता. म्हणजे पटकथा लिहिली गेली ती खेळाडू पहिल्यांदाच मोकळे झाले त्या क्षणी. मालक आणि मजूर यांच्या संबंधांतून ही कथा वाचण्याची कल्पना त्या हवेतच होती.

नमुना आवडला, काम मिळाले, पण दुसरेच. कमी खर्चात झटपट चित्रपट काढण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रॉजर कॉर्मनसाठी सेल्सने मांसभक्षक माशांचा 'पिरान्हा' (१९७८) लिहिला, मग गुंडांचा 'द लेडी इन रेड', अंतराळातला 'बॅटल बियाँड द स्टार्स'. या कामांतून साठवलेल्या सुमारे ४० हजार डॉलरवर त्याने 'रिटर्न ऑफ द सिकॉकस सेव्हन' (१९८०) हा आपला पहिला चित्रपट चित्रित केला. जुने मित्र एका सुटीत एकत्र येतात एवढेच त्याचे कथानक. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्याला त्या वर्षीच्या उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार दिला. स्वतंत्र अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात आज त्याला मानाचे पान आहे.

यानंतरचा मार्ग सरळ चढाचा असता तर ही गोष्ट सांगण्याचे कारण नव्हते. मोठ्या स्टुडिओसाठी केलेल्या 'बेबी इट्स यू' (१९८३) या चित्रपटात संकलनावरून वाद झाला, आणि अंतिम संकलनाचा अधिकार हाती असल्याशिवाय चित्रपट करायचा नाही ही खूणगाठ त्याने बांधली. वेस्ट व्हर्जिनियातील खाणकामगारांच्या १९२०च्या संपावरील 'मेटवान'साठी जमवलेले भांडवल ऐन वेळी कोसळले. त्याच सुमारास मॅकआर्थर अभ्यासवृत्ती मिळाली (१९८३). तिचा आणि स्वतःच्या कमाईचा आधार घेऊन त्याने हार्लेममध्ये उतरलेल्या मुक्या परग्रहवासीयाची कथा, 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' (१९८४), केली. 'मेटवान' अखेर १९८७ साली पडद्यावर आला. दुसऱ्यांसाठी लिहिणे, त्या पैशातून स्वतःचा चित्रपट करणे, तो पुरेसा न चालणे, आणि पुन्हा दुसऱ्यांसाठी लिहिणे : हा त्याचा रहाटच होता. रहाटाचा एक पोहरा भरून वर येतो तेव्हा दुसरा रिकामा खाली जात असतो.

या सर्व काळात बेसबॉलची पटकथा पेटीत होती. सॅरा पिल्सबरी आणि मिज सॅनफर्ड या दोन निर्मात्यांकडे पुस्तकाचे हक्क होते. 'डेस्परेटली सीकिंग सुझन' (१९८५) या त्यांच्या चित्रपटाला यश मिळाल्यानंतर ओरायन कंपनीने पाठिंबा दिला आणि चित्रीकरणाची वाट मोकळी झाली. पटकथा लिहिली तेव्हा सेल्सने मनोमन खेळाडूंची यादी केली होती. तिसऱ्या बेसवर त्याला मार्टिन शीन हवा होता. अकरा वर्षांनी संघ उभा राहिला तेव्हा मैदानाच्या मध्यभागी मार्टिनचा मुलगा चार्ली शीन उभा होता. एवढ्या एका बदलावरून त्या प्रतीक्षेची लांबी मोजता येते.

५

चित्रीकरण झाले ते १९८७ साली, इंडियानापोलिस येथील बुश स्टेडियममध्ये. त्या एकाच मैदानाने शिकागो आणि सिनसिनाटी या दोन्ही शहरांचे सोंग घेतले. खर्च ६० लाख डॉलरच्या आसपास. जुन्या वेशातील प्रेक्षकांनी गच्च भरलेली मैदाने दाखवायची होती आणि तेवढी माणसे नव्हती. आलेल्यांनाच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलवून काम भागवावे लागले. ज्याच्यासाठी हा खेळ चालतो तो प्रेक्षकच चित्रपटकर्त्याला जमवता येईना, हा योगायोग बोलका आहे.

सेल्स चाहता आहे हे चित्रपटात कुठे कळते? भावनेपेक्षा तपशिलात. जॅक्सन डावखुरा फलंदाज होता, म्हणून डी. बी. स्वीनी या नटाने डावखुरी फलंदाजी शिकून घेतली आणि त्यासाठी एका व्यावसायिक दुय्यम संघाबरोबर सराव केला. कटात नसलेला खेळाडू चेंडूवर झेप घेतो; कटातला तीच झेप किंचित उशिरा घेतो. हा 'किंचित' दिसला नाही तर चित्रपटाला अर्थच राहत नाही. मुद्दाम वाईट खेळणे हे चांगले खेळण्याइतकेच कौशल्याचे काम आहे, आणि ते वाचण्यासाठी प्रेक्षकालाही मुरलेली नजर लागते. ती नजर चित्रपटात दोन वार्ताहरांना दिली आहे. ह्यू फुलर्टनच्या भूमिकेत शिकागोचा थोर मौखिक इतिहासकार स्टड्स टर्कल आहे, तर रिंग लार्डनरच्या भूमिकेत स्वतः सेल्स. दोघे पत्रकारकक्षात बसून संशयास्पद चेंडूंवर खुणा करीत राहतात. दिग्दर्शकाने स्वतःसाठी निवडलेली जागा मैदानात नाही. सगळे कळत असूनही काही करू न शकणाऱ्या जाणत्या चाहत्याची ती जागा आहे.

या चित्रपटाला एक नायक नाही. आठ खेळाडू, मालक चार्ल्स कोमिस्की, सट्टेबाजांच्या दोन-तीन टोळ्या, वकील, वार्ताहर, रस्त्यावरची पोरे, असा हा समुदायपट आहे. ११९ मिनिटांत तो इतक्या जणांकडे जातो की सवय नसलेला प्रेक्षक गोंधळतो. क्षमा त्यात नाही, चमत्कारही नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये तो प्रदर्शित झाला. अमेरिकेत त्याची कमाई सुमारे ५७ लाख डॉलरवर थांबली. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच 'फील्ड ऑफ ड्रीम्स' (१९८९) आला. डब्ल्यू. पी. किन्सेलाच्या 'शूलेस जो' (१९८२) या कादंबरीवरील या चित्रपटात आयोवातील एक शेतकरी मक्याच्या शेतात मैदान बांधतो आणि मेलेला जॅक्सन तिथे खेळायला परत येतो. त्यात जॅक्सन उजव्या हाताने फलंदाजी करतो. कोणाचे काही बिघडले नाही. त्या चित्रपटाने अमेरिकेत सहा कोटी डॉलरहून अधिक मिळवले, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर नामांकने मिळवली, आणि आयोवातील ते मैदान तीर्थक्षेत्र झाले. २०२१ साली त्या परिसरात खास मैदान उभारून व्हाइट सॉक्स आणि यँकीज यांचा अधिकृत सामनाही खेळवला गेला. ज्या बेसबॉलसंस्थेला १९६०च्या आसपास हा विषय दूरचित्रवाणीवरही नको होता, तिने साठ वर्षांनी त्याच्या स्वप्नरूपाला आपलेसे केले.

दोन्ही चित्रपट चाहत्यांनी चाहत्यांसाठी केले आहेत हे विसरू नये. 'फील्ड ऑफ ड्रीम्स'मधले प्रेम सांत्वन मागते. सेल्सचे प्रेम जाब विचारते. व्यवसायात पहिल्याला भाव जास्त मिळाला, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु पराभव पराभव म्हणून पाहू देणारी कलाकृती कमी माणसांपर्यंत पोहोचते म्हणून ती कमी प्रेमाने केलेली असते असा निष्कर्ष कोणी काढू नये.

६

येथवर आम्ही सेल्सच्या बाजूने बोललो. आता त्याच्या चित्रपटाचे जे उणे आहे तेही सांगितले पाहिजे.

चित्रपटातील कोमिस्की कवडीचुंबक आहे. विजयाबद्दल बक्षीस म्हणून तो खेळाडूंना उतरलेली शॅम्पेन देतो. सिकॉटला ३० विजयांबद्दल कबूल केलेले १० हजार डॉलर चुकवण्यासाठी त्याला मुद्दाम बसवून ठेवतो आणि २९ विजयांवर हिशेब बंद करतो. यातून कटाचे कारण प्रेक्षकाच्या गळी सहज उतरते : मालकाने लुबाडले, म्हणून मजुरांनी विकले. असिनॉफच्या पुस्तकात ही सामग्री आहे; सेल्सने ती १९१७मधून उचलून १९१९मध्ये आणली आणि कथेची गाठ घट्ट केली.

पुढे पगाराच्या मूळ नोंदी अभ्यासकांना मिळाल्या आणि चित्र बदलले. १९१९च्या हंगामारंभी व्हाइट सॉक्सचा एकूण पगारखर्च त्यांना हरवणाऱ्या रेड्सपेक्षा जास्त होता. सिकॉटच्या त्या कथित बक्षिसाला पुरावा नाही, आणि तिसाव्या विजयाची संधी त्याला १९१९च्या अखेरीस मिळालीही होती. निर्णायक सामन्याआधी पिचर लेफ्टी विल्यम्सला धमकावणारा जो गुंड पुस्तकात आहे, त्याचे नाव आपण कल्पनेने घातले, कोणी मजकूर चोरला तर ओळखता यावा म्हणून, असे असिनॉफ यांनीच पुढे 'ब्लीडिंग बिट्वीन द लाइन्स' (१९७९) या पुस्तकात सांगून टाकले. तरी ती धमकी चित्रपटात आली आणि चित्रपटातून लोकांच्या स्मरणात गेली. चोर पकडण्यासाठी ठेवलेली खूण इतिहास म्हणून नांदू लागली.

या चुका कोणी शोधल्या? १९७१ साली स्थापन झालेल्या 'सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च' या संस्थेतील हौशी आणि व्यावसायिक संशोधकांचा यात मोठा वाटा आहे. मालिकेच्या शताब्दीला, २०१९ साली, या संस्थेने 'एट मेन आउट'मुळे रूढ झालेल्या आठ दंतकथांचे खंडन स्वतंत्रपणे मांडले. यांपैकी बरेच जण लहानपणी तेच पुस्तक वाचून किंवा तोच चित्रपट पाहून या विषयाकडे वळले असतील, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. चाहत्याने रचलेली कथा चाहत्यानेच तपासावी, ही कोणत्याही वाङ्मयव्यवहाराला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे.

सेल्सचे मोल यामुळे घटते का? आमच्या मते त्याचे स्वरूप बदलते. कोमिस्की कंजूष नसता तरीही रिझर्व्ह क्लॉज होताच. खेळाडूला आपल्या श्रमाची किंमत दुसऱ्या दारात जाऊन ठरवता येत नव्हती, हे सत्य पगाराच्या आकड्यांनी पुसले जात नाही. पण व्यवस्थेचा दोष एका कृपण म्हाताऱ्याच्या स्वभावात कोंबल्यामुळे तो दोष लहान झाला. 'फील्ड ऑफ ड्रीम्स'ने चाहत्याला स्वर्ग दिला. सेल्सने त्याला खलनायक दिला. हेही एक प्रकारचे सांत्वनच. चमत्कार टाळणाऱ्या दिग्दर्शकालाही ते पूर्ण टाळता आले नाही.

७

चित्रपटाचा शेवट १९२५ सालचा आहे, न्यू जर्सीतील एका लहान मैदानावर. जॅक्सन खोट्या नावाने एका किरकोळ सामन्यात खेळतो आहे. लाकडी बाकांवर बसलेल्या प्रेक्षकांत कुजबुज होते : हा तोच तर नव्हे? त्यांच्यातच बक वीव्हर बसला आहे. खेळणे बंद झालेला खेळाडू आता केवळ प्रेक्षक उरला आहे. त्याला विचारतात, तेव्हा तो सांगतो की त्याने जॅक्सनला खेळताना पाहिले होते, आणि हा तो नव्हे. १९१९ साली बोलायला हवे होते तेव्हा गप्प राहिल्यामुळे ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस इथे बोलतो आणि खोटे बोलतो. त्या खोट्यामुळे मित्राला निदान एक दुपार खेळता येते.

वीव्हरने प्रत्यक्षात पुनःप्रवेशासाठी वारंवार अर्ज केले. एकही मंजूर झाला नाही. तो १९५६ साली वारला, जॅक्सन १९५१ साली. १३ मे २०२५ रोजी कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते असा निर्णय दिला, आणि आठही नावे त्या यादीतून निघाली. ज्यांना त्याचा उपयोग होता त्यांपैकी शेवटचा माणूस जाऊनही तेव्हा जवळपास पन्नास वर्षे झाली होती. व्हाइट सॉक्सने मध्यंतरी, २००५ साली, ८८ वर्षांनी पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली होती.

सेल्सचा रहाटही चालूच राहिला. 'पॅशन फिश' (१९९२) आणि 'लोन स्टार' (१९९६) यांच्या पटकथांना ऑस्कर नामांकने मिळाली. पुढे भांडवल आटत गेले आणि 'गो फॉर सिस्टर्स' (२०१३) नंतर तो मुख्यतः कादंबऱ्यांकडे वळला. त्यांतील काहींचा उगम पडद्यावर न आलेल्या पटकथांत आहे. ज्या माणसाने एका पुस्तकाचा चित्रपट होण्यासाठी अकरा वर्षे वाट पाहिली, तो आता न झालेल्या चित्रपटांची पुस्तके करतो. त्यात हार किती आणि जीत किती याचा हिशेब आम्ही मांडत नाही. वाचकांनी 'एट मेन आउट' हे पुस्तक, त्याच नावाचा चित्रपट आणि त्यांतील चुका दाखवणारे संशोधन ही तिन्ही एकापुढे एक ठेवून वाचावीत. एकाच प्रेमातून कथाही जन्मते आणि त्या कथेची झडतीही, हे त्यांतून जसे दिसते तसे अन्यत्र क्वचित दिसते.